नानांचा पुकारा

कॉकवर हात ठेवण्याआधी नाना डोक्यावरची टोपी काढून काखेत धरायचे. मग मान वर करून रांगेतल्या पहिल्या खोलीकडे हाळी द्यायचे, "शेगडी?" आतून बाईचा आवाज यायचा, "बंद!" मग दुसरी खोली, मग तिसरी. शेवटची खोली आमची. माझ्या सासूबाईंनी "बंद हाय वो नाना" म्हटलं की टोपी परत डोक्यावर जायची आणि गॅस सुटायचा. देवळातसुद्धा टोपी न काढणारा माणूस गॅसपुढं काढतो, म्हणून आम्ही बाया तोंडाला पदर लावून हसायचो.

आमचं गाव धरणात गेलं, तेव्हा आम्हाला घोडेगावच्या अलीकडं माळावर पत्र्याच्या खोल्या मिळाल्या. खाली पाया नाही, नुसता लोखंडी सांगाडा आणि नटबोल्ट. जमीन मिळाली की खोली खोलायची आणि उचलून न्यायची, असं ठरलेलं. लोक त्यांना डबेच म्हणायचे. तात्पुरते तात्पुरते म्हणता पोरं त्याच डब्यांतून शाळेला जायला लागली. सगळ्यांच्या जनावरांच्या शेणावर एक सामायिक गोबरगॅस बांधला होता. तिथून निघालेला एकच पाईप सगळ्या खोल्यांतून फिरायचा. मेन कॉक सकाळ-संध्याकाळ उघडायचा. मधल्या वेळात कुणाची शेगडी उघडी राहिली आणि कॉक सुटला, तर न पेटलेला गॅस त्या डब्यात भरणार. म्हणून हा पुकारा. तो नानांनीच सुरू केलेला.

नाना जुन्या गावात पाण्याच्या पंपावर होते, म्हणून कॉक त्यांच्याकडं आला. आणि त्यांनी तो असा सांभाळला की विचारू नका. पाईपवर कपडे वाळत घालायचे नाहीत, खिडकीला पोतं लावायचं नाही, आणि जिची चूल तिनंच उत्तर द्यायचं. शेजारणीनं दिलेलं चालायचं नाही. एकदा एका घरी मुलगी बघायला पाहुणे आलेले आणि घरधनीण ओढ्यावर धुणं धूत होती. नवरा बिचारा दारात उभा राहून "बंद हाय, बंद हाय" ओरडतोय. नाना ढिम्म. म्हणाले, "गॅसला पावणं कळत न्हाईत." बाई ओल्या लुगड्यानं धावत आली, तोवर पाहुण्यांनी ताकावर भागवलं. सोयरीक जमली, हे नशीब.

पाईपवर कुणाचं लुगडं दिसलं तर हात कसा लावायचा, म्हणून ते काठीच्या टोकावर घ्यायचे आणि जिचं असेल तिच्या दारात नेऊन धरायचे. सासूबाईंचं लुगडंही एकदा असं मिरवत आलं. "आक्का, तुमीसुदिक?" एवढंच म्हणाले. सासूबाई लाजून चूर. त्यांना सख्खा भाऊ नव्हता. भाऊबीजेला त्या नानांनाच ओवाळायच्या.

सासूबाईंचं वस्तीत मोठं काम होतं. रांगेतल्या प्रत्येक तान्ह्या बाळाची पहिली अंघोळ त्यांच्या हातची. पाय लांब करून बसायच्या, बाळ पायांवर पालथं घ्यायच्या, आणि कसलंही किरकिरं पोर त्यांच्या हाताखाली गप्प व्हायचं. बाळंतिणी त्यांची वाट बघत बसायच्या. त्या माउलीचा सगळा तोरा त्या दोन हातांत होता.

अधूनमधून पाईपमध्ये पाणी साठायचं आणि ज्योत भकभक करायची. मग नाना कॉक बंद करून पाणी काढायचे. त्या वेळी शेवटच्या खोलीची, म्हणजे आमची शेगडी उघडी ठेवायची, अशी त्यांचीच पद्धत. त्यानं अडकलेलं पाणी पुढं सरकतं, म्हणायचे. काम झालं की पुकारा व्हायचा, आणि पुकाऱ्यावर सासूबाई शेगडी बंद करायच्या.

त्या दिवशी असंच पाणी काढणं चाललं होतं आणि गोबरगॅस बघायला साहेब लोकांची जीप आली. सांगितल्या वेळेच्या आधीच. त्यांना ज्योत बघायची होती आणि पुढं दुसऱ्या गावाला जायचं होतं. नाना धावत गेले आणि त्यांनी कॉक सोडला. मी आमच्या दारात तांदूळ निवडत बसले होते. पुकारा झाला नाही. माझे कान तेव्हाही शाबूत होते, आजही आहेत. पुकारा झाला नाही.

पहिल्या खोलीत ज्योत लागली, साहेबांनी माना डोलावल्या. आमच्या खोलीत सासूबाईंनी मिश्री भाजायला रॉकेलचा स्टोव्ह घेतला आणि काडी ओढली. भपकन जाळ झाला. खिडकी उघडी होती म्हणून जीव वाचला. खिडकीचा तो नियमही नानांचाच. दोन्ही हात भाजले, भुवया गेल्या. मी त्यांना ओढून बाहेर काढलं. साहेब धावत आले आणि नानांना विचारलं, काय झालं?

नाना टोपी सारखी करत म्हणाले, "म्या पुकारा क्येला व्हता सायेब. आक्कानं बंद सांगितलं. वय झालंय, इसर पडतो त्यांना."

मी तिथंच बोलणार होते, पण सासूबाई कण्हत होत्या. आधी दवाखाना.

चार दिवसांनी मी नानांना गोबरगॅसच्या टाकीजवळ गाठलं. मी तोंडाची फटकळ, सरळ म्हटलं, "नाना, तुमी पुकारा केला न्हाई. शेगडी तुमीच उघडी ठेवायला लावली व्हती."

ते इकडंतिकडं बघायला लागले. मग हळूच म्हणाले, "सूनबाई, म्या चुकलो म्हनलं आसतं तर सायबांनी लाईनच तोडली आसती. सगळ्यांच्या चुली इझल्या आसत्या. आक्काला काय, मी घरचाच हाय."

घरचाच! घरच्या माणसाचा गळा कापायला सुरी लागत नाही म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं. रांगेतल्या बायांनीही पुकारा ऐकला नव्हता. पण मी विचारलं की कुणी पाणी भरायला निघायची, कुणी म्हणायची, "जाऊ दे गं, झालं गेलं." गॅसवर चहा लवकर होतो ना.

हात बरे झाले. त्यानंतर आमच्या रांगेत बाळं झाली, पण अंघोळीला कुणी बोलावलं नाही. एक बाळंतीण तर माझ्या तोंडावर म्हणाली, "आक्कांना इसर पडतो, पानी कढत राह्यलं म्हंजी?" सासूबाई दारात बसून पलीकडच्या खोलीतलं रडणं ऐकायच्या. मी किती वेळा सांगितलं, आई, तुमची चूक नव्हती, पुकारा झालाच नव्हता. त्या माझ्याकडं बघायच्या आणि म्हणायच्या, "नाना खोटं कशाला बोलतील? त्यांच्यावानी शिस्तीचा मानूस न्हाई. म्याच बंद म्हनलं आसंल." त्या माणसाचा नेमच त्यांना नडला. इतक्या वर्षांच्या खऱ्या पुकाऱ्यांनी एक खोटा पुकारा खरा करून टाकला.

पुढं जमिनी मिळाल्या, डबे खोलले, वस्ती पांगली. नाना निमगाव सावाकडं मुलाजवळ राहायला गेले. ते वारल्याचा निरोप आला तेव्हा सासूबाई दिवसभर जेवल्या नाहीत. दिवसकार्य झाल्यावर मला म्हणाल्या, "मला घेऊन चल." मला जायचं नव्हतं. गेले.

त्यांनी नानांच्या बायकोचे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, "वैनी, माझ्यापाई त्यांच्यावर बालंट आलं व्हतं वो. त्यांनी कदी मला त्वांडावर बोलून दावलं न्हाई." खरं काय ते सांगून टाकावं, असं वाटलं. पण समोर विधवा बाई रडत होती, मी तिला पाण्याचा तांब्या दिला.

नानांच्या नातसुनेला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिचं तान्हं रडत होतं आणि तिला चहा टाकायचा होता. म्हातारं माणूस बघून ती विश्वासानं पुढं झाली. "आजी, जरा घेता का?"

सासूबाईंचे हात पुढं आले. बाळापर्यंत आले आणि थांबले. मग त्यांनी ते पदराखाली घेतले.

"माझ्याकडं नगं पोरी," त्या म्हणाल्या. "मला इसर पडतो."