न वाजलेला कप

आमच्या रसायनशास्त्राच्या निवृत्त बाईंकडे काल गेले होते. त्यांनी काचेच्या टेबलावर माझा चहाचा कप ठेवला, आणि जराही आवाज झाला नाही.

बाईंची सारी हयात धातूंच्या संयुगांचे स्फटिक वाढवण्यात गेली. प्रयोगशाळेत खिडकीशी तांब्याचं निळं द्रावण आठवडेच्या आठवडे झाकून ठेवलेलं असायचं. धक्का लागला तर स्फटिक बिघडतो, म्हणून बाई दारसुद्धा हलकेच लावायच्या.

एकदा मी उतावीळपणे बाटली हलवून पाहिली. तळाशी नुसता चुरा बसला. बाई एवढंच म्हणाल्या, "परत ठेवू या." त्याच हातांखाली, धक्का न लागता, आम्हीही वाढलो.

चहा संपवून मीही कप जपून खाली ठेवला. तरी वाजला.