शेवटचा ‘ई’ सायलेंट

कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला! मी खारघरमध्ये इंग्रजीच्या शिकवण्या घेणारी बाई, आणि एका एवढ्याशा इंग्रजी शब्दानं माझी पार शोभा केली. हसायचं नाही हं. चहा सांडेल.

आमचा अनिकेत स्कॉटलंडला शिकायला गेला. एका आजीबाईंच्या घरात खोली मिळाली. मी रोज देवाला हात जोडत होते, की बाई चांगली असू दे. एका सकाळी मेसेज आला: ‘घरमालकीण एकदम मस्त. स्पे करतात. काल कितीतरी वेळ माझा हात हातात घेऊन बसल्या होत्या. सगळं टेन्शन गेलं!’

सगळा मेसेज इंग्रजीत. आणि तो शब्द लिहिलेला एस, पी, ए, ई.

“स्पे म्हंजे काय गं?” आमच्या ह्यांनी विचारलं. हे मार्केटला बटाट्याचे व्यापारी. इंग्रजी अडलं की माझ्याकडे.

“स्पे नाही हो, स्पा! शेवटचा ई सायलेंट. जुनं स्पेलिंग आहे. शॉपला नाही का पाट्यांवर शेवटी उगाच पी-ई चिकटवतात?”

काय तो माझा आत्मविश्वास!

ह्यांनी तोंडाला लावलेला कप खाली ठेवला. “स्पा म्हंजे ते... तेल लावून...?”

“तेच!”

“आणि आपलं पोरगं तिथं राहतंय?”

बाई गं! अनिकेतला फोन लावला, तर बंद. परत लावला, बंदच. एरवी तिकडे रात्र आहे, झोपला असेल म्हटलं असतं. त्या दिवशी मला तो नुसता टॉवेल गुंडाळलेला दिसायला लागला.

कुणाशी तरी बोलायलाच हवं होतं. जुईनगरच्या नणंदेला फोन केला. “ताई, कुणाला सांगू नका हं...”

आता हे ऐकून कुणी कधी गप्प बसलंय का?

दुपारपर्यंत साताऱ्याहून दिरांचा फोन. “वहिनी, अनिकेत मालिश करतोय का करून घेतोय? तेवढं क्लिअर करा.”

पाठोपाठ कराडच्या बाईंचा. त्यांची मुलगी अनिकेतला सांगून आली होती. इंजिनिअर, देखणी, पत्रिकासुद्धा जुळलेली. बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, “आमी जरा थांबतो म्हणतो. मुलीला अजून पुढं शिकायचंय.”

मी मटकन सोफ्यावर बसले. हे नुसते पंख्याकडे बघत राहिले.

संध्याकाळी एकदाचा अनिकेतनं व्हिडिओ कॉल उचलला. स्वयंपाकघरात बसला होता. शेजारी लोकरीचा स्वेटर घातलेल्या, पिकल्या केसांच्या आजीबाई. मी कशाला थांबतेय!

“मॅडम! माय सन इज गुड बॉय! नो मसाज!”

आजीबाई दचकल्या. अनिकेत ओरडला, “आई! कसला मसाज?”

“तूच लिहिलंस ना, बाई स्पा करते!”

“स्पा नाही गं, स्पे! जुना स्कॉटिश शब्द आहे. स्पे करणं म्हणजे भविष्य सांगणं! त्या हात बघतात, कपातली चहाची पत्ती बघतात. परीक्षेचं टेन्शन होतं, म्हणून माझा हात बघितला. तू डिक्शनरी नाही का बघितलीस?”

डिक्शनरी! मुलांना येता-जाता हेच सांगत असते मी.

ह्यांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. “सायलेंट काय?” एवढंच म्हणाले.

लाजेनं कान तापले होते, पण आईचं मन हो! फोन ठेवता ठेवता तोंडून निघून गेलंच, “अरे, आता त्या बसल्याच आहेत तर विचार ना, तुझ्या लग्नाचा योग कधी आहे?”

अनिकेतनं कपाळावर हात मारला, पण विचारलं. आजीबाईंनी त्याचा रिकामा कप उचलला, तिरका केला, आत निरखून बघितलं आणि हळहळत काहीतरी पुटपुटल्या.

“काय म्हणतायत रे?”

“म्हणतायत, स्थळ चांगलं चालून आलं होतं. पण घरातल्याच कुणा बाईनं मोडलं.”