मुबारकचाचांचे पुढचे दात

रोज सकाळी मुबारकचाचा उंबऱ्याशी उकिडवे बसत, डाव्या तळहातावर चिमूटभर मिश्री घेत आणि तर्जनीने ती हिरड्यांवर फिरवत राहत. जाळलेल्या तंबाखूचा तो कडवट वास गल्लीत चहाच्या आधी पोचायचा. डोळे मिटलेले, चेहरा निवांत. कुणी हाक मारली तर दुसरा हात वर करून थांबायला सांगत.

मग चूळ भरून क्लॅरोनेट घ्यायचे. छावणीतल्या कडुबाच्या बँडमध्ये ते तरुणपणापासून वाजवत होते. वरातीत नाचणाऱ्यांसाठी सगळेच वाजवतात. चाचांची ओळख वेगळी होती. लग्न लागून मुलगी सासरी निघाली की गाडीचं दार लागण्याआधी ते एक संथ धून वाजवत. वडिलांकडून आलेली, नाव नसलेली. ती सुरू झाली की बोलणाऱ्या बायका गप्प होत. त्यांची निलोफर लहान असताना विचारायची, "अब्बा, माझ्या वेळेला कोण वाजवणार?"

"दुसऱ्या कुणाला वाजवू देईन का मी?"

क्लॅरोनेट नुसत्या ओठांनी वाजतं असं आपल्याला वाटतं. पण वरचे पुढचे दात त्याच्या टोकावर टेकलेले असतात, आणि सगळा सूर त्या टेकूवर उभा असतो.

निलोफरनं एकदा त्यांना ब्रश आणून दिला होता. पहिल्याच सकाळी फेस लाल झाला. चाचांनी तो तिला दाखवला. "बघ, तुझ्या ब्रशनं रक्त काढलं. माझ्या मिश्रीनं कधी थेंब नाय आला." ब्रश खिडकीत पडून राहिला. पुढं हिरड्या वर सरकत गेल्या, दात लांब दिसू लागले. त्यांच्या पत्नी रईसाचाची म्हणायच्या, "लोकांचे दात म्हातारपणी पडतात, यांचे वाढायलेत." सगळे हसायचे. चाचांना साखर होती, गोळी आठवली तर घेत. दुखत काहीच नव्हतं, म्हणून काळजीही कुणाला नव्हती.

निलोफरचं जालन्याला जमलं. निकाह हिवाळ्यात ठरला. त्याच सुमारास एका वरातीत, ऐन सुरात, चाचांचा वरचा दात क्लॅरोनेटखाली सरकला. त्यांनी घरी कुणाला सांगितलं नाही. पण सकाळचा सराव बंद झाला, त्यावरून निलोफरनं ओळखलं आणि त्यांना उस्मानपुऱ्यात दातांच्या डॉक्टर मंजुषांकडं नेलं.

डॉक्टरांनी दातांचा एक्स-रे उजेडात धरला. "चाचा, दात किडलेले नाहीत. हिरडीखाली किटण साचलंय, त्यानं आतलं हाड झिजलंय. दात उभा आहे, पाया खचलाय."

"पण रक्त तर येत नव्हतं, मॅडम."

"हिरडी बिघडली की रक्त येऊन सांगते. तंबाखूनं तिथला रक्तपुरवठाच कमी होतो. मग ती सांगणार कशी?"

चाचांनी आपल्या मिश्रीच्या बोटाकडं पाहिलं. "आमच्या मुलीचं लग्न ह्या हिवाळ्यात. तोवर टिकतील?"

"झिजलेलं हाड परत येत नाही. उरलंय ते राखता येईल. हिरडीखालची सफाई थोडी थोडी करू, चार-सहा वेळा यावं लागेल. मिश्री बंद, साखर ताब्यात, मऊ ब्रश. मधेच सोडलं नाही तर आशा आहे." आणि त्यांनी बजावलं, "सूज उतरली की फटी दिसतील, गार पाणी झोंबेल, दात जास्त हलल्यासारखे वाटतील. घाबरून थांबू नका."

पहिल्या सफाईनंतर अगदी तसंच झालं. जीभ दातांमधून आरपार जाऊ लागली. बँडच्या खोलीत कडुबानं वाकून पाहिलं.

"मुबारकभाई, हे काय? साफ करायला गेला अन् दात हालवून आला. मॅडमनं पान्हा घेतला व्हता का?"

खोली हसली. मग प्रत्येकाला कुणी ना कुणी आठवलं, दात साफ केले आणि गमावून बसलेलं. चाचाही हसले. पुढच्या वेळी ते उस्मानपुऱ्याला जायला निघाले आणि गुलमंडीच्या बाजारात फिरून परत आले. "मॅडमनी पुरे म्हटलं," त्यांनी घरी सांगितलं. लग्नाच्या खरेदीत कुणी पुन्हा विचारलं नाही. झोंबतं म्हणून ते परत मिश्री लावू लागले. तिनं लगेच बधिर वाटायचं.

थंडी पडायच्या आत, नान-खलिया खाताना, वरचा एक दात नानमध्ये राहिला. दुखलं नाही. चाचांनी तो धुऊन पाहिला. किडीचा ठिपका नव्हता. आठवड्याभरात शेजारचाही गेला.

मग ते स्वतःहून डॉक्टरांकडं गेले. डॉक्टर रागावल्या नाहीत. काढघाल करायची दातांची पट्टी बसवून दिली. "जेवायला चालेल," म्हणाल्या. वाजवण्याबद्दल चाचांनी विचारलं नाही.

निकाहच्या संध्याकाळी निलोफर गाडीकडं निघाली, तेव्हा त्यांनी क्लॅरोनेट ओठांना लावलं. पहिला सूर आला. दुसऱ्याला पट्टी सरकली, कडेनं हवा फुसकन सुटली. त्यांनी पुन्हा लावून पाहिलं. बायका त्यांच्याकडं न बघता एकमेकींचे पदर सारखे करू लागल्या. मग त्यांनी टोक नव्या शेरवानीच्या बाहीला पुसलं आणि बँडमधल्या अतुलच्या हातात दिलं.

"तू वाजव. हळू वाजव."

अतुलनं चूक केली नाही, फक्त थोडी घाई केली. गाडीचं दार लागेपर्यंत निलोफर अब्बांच्या रिकाम्या हातांकडं बघत होती.

त्यानंतर चाचांनी मिश्री सोडली, उरलेली सफाई पूर्ण केली. डॉक्टर म्हणाल्या, बाकीचे दात टिकतील. एकदा कडुबा घरी आला. चहाचा कप त्यानं तसाच खाली ठेवला. "मी तर गंमत केली व्हती, मुबारकभाई."

"हौ. तू गंमत केली, मी ऐकली."

पावसाळा सरता सरता चाचा झोपेतच गेले. हृदय थांबलं, असं दवाखान्यात सांगितलं. आदल्या संध्याकाळी जालन्याहून निलोफरचा फोन आला होता. ती म्हणाली, "अब्बा, ती धून नुसती गुणगुणा ना. त्याला दात कशाला लागतात?"

चाचा हसले. पुढच्या फटीतून हवा सुटणारं, सवय झालेलं हसू.

"उद्या, बेटा. आत्ता नळाला पाणी आलंय, आधी पिण्याचं भरून घेतो."