खंडेनवमीचं ब्लेड
खंडेनवमीला पूजेचा डबा उघडला की कुंकवाने लाल झालेलं एक चौकोनी धातूचं टोपण हाताला लागतं. ते माझ्या जुन्या प्रोसेसरचं आहे. मुलुंडला आमचं घर गच्चीखाली, त्यामुळे ऑक्टोबरात स्लॅब तव्यासारखा तापायचा आणि मी ओव्हरक्लॉक केलेला, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवलेला कॉम्प्युटर व्हिडिओ एडिट करतानाच तापून बंद पडायचा. प्रोसेसरवरचं टोपण काढून पंखा थेट चिपवर बसवायचा, एवढाच उपाय उरला होता. त्या वर्षी खंडेनवमीच्या सकाळीच कॉम्प्युटरच्या दुकानदाराला विचारलं तर तो हसून म्हणाला, "मॅडम, वॉरंटी जाईल. हे लेडीजचं काम नाही." मी तशीच घरी आले आणि पाटावर सुरी-पकडीशेजारी मांडलेलं बाबांचं दाढीचं ब्लेड उचललं. आई ओरडली, "अगं, पूजेतली हत्यारं आज चालवायची नसतात!" "मग माझं काम उद्या तू करून देणार?" म्हणत मी टोपणाच्या कडेचा गोंद कापायला घेतला. घामाने बोटं निसटत होती आणि ब्लेड जरा खोल गेलं असतं तर सगळंच संपलं असतं. पण टोपण सुटलं. आतली उष्णता वाहून नेणारी, आता वाळलेल्या मेंदीसारखी झालेली पेस्ट पुसली, तर आई उघड्या चिपलाच कुंकू लावायला आली. "तिथे नको, वाट लागेल!" मी तिचा हात धरला. मग तिने टोपणाला कुंकू लावलं. मी नवी पेस्ट लावून पंखा थेट चिपवर बसवला आणि त्यानंतर कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. वॉरंटी गेली, ती गेलीच. आई अजूनही दरवर्षी पाटावर हत्यारं मांडते, फक्त एक ब्लेड माझ्यासाठी पूजेबाहेर ठेवते.