बोटभर कापड

जिन्याखालच्या खोलीत दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं, एवढंसं मधलीचं दुकान. तीन भावंडांतली ती मधली, म्हणून घरात मधली आणि पुढे सगळ्या गल्लीत मधली. नवे कपडे ती शिवत नाही. उसवणं, आवळणं, सैल करणं, झिप बदलणं हे तिचं काम. पँटची उंची कमी करायला आलेल्याला ती आधी सुनावते, विकत घेताना पाय घरी विसरला होतात का म्हणून. तरी माणसं तिच्याकडेच येतात, कारण तिने दुरुस्त केलेला कपडा दुरुस्त केल्यासारखा दिसतच नाही.

या कामात तिचा एक हट्ट आहे. कपडा कितीही आवळायचा असो, जास्तीचं कापड कापायचं नाही, आत दुमडून शिवायचं. आज वाळलेलं माणूस उद्या अंग धरतं, तेव्हा कपड्यात जागा हवी. तेवीस वर्षांत हा हट्ट तिने एकदाच मोडला, तोही आईच्या निळ्या जाकिटावर.

आई सिनेमागृहाच्या तिकीटखिडकीत बसायची. हिशेब आटपून, खिडकी लावून ती आत मागच्या रांगेत जाऊन टेकायची तोवर मध्यंतर उलटून गेलेलं असे. तीस वर्षं तिने सगळे सिनेमे अर्ध्यातूनच पाहिले. त्या खिडकीतून गार वारा यायचा, त्यासाठी हे जाकीट. पुढे म्हातारपणी तिची आठवण जायला लागली, माणसं गेली, नावं गेली, पण जाकीट काही गेलं नाही. अंथरुणातही तेच अंगात हवं असे. ती वाळत गेली तसं मधलीने ते तीनदा आवळलं. चौथ्या वेळी आतल्या घड्या इतक्या जाड झाल्या की आईच्या कुशीवर वळ उठायला लागले. मधलीने कात्री घेतली आणि ते कापड कापून टाकलं. कुणाला सांगितलं नाही.

आई गेली त्याला वर्ष होत आलं, तेव्हा थोरल्याच्या डोक्यात आलं की तिघांनी एक दिवस एकत्र बसावं. प्रत्येकाने आईची एक आठवण सांगायची आणि त्याच्या मुलीने ती फोनवर टिपून ठेवायची. थोरला आणि धाकटी दोघंही लांब राहतात. आईच्या सहा वर्षांच्या दुखण्यात दोघं येत, दोन दिवस राहत, जाताना मधलीला मिठी मारून रडत. त्यांचंही काही चुकलं नाही म्हणा, पोटापाण्याचे उद्योग सोडून किती यायचं. मधली फोनवर हो म्हणाली, आणि तेव्हापासून तो दिवस उजाडूच नये असं तिला वाटायला लागलं.

कारण तिला काही आठवतच नव्हतं. आठवत होती ती शेवटच्या सहा वर्षांतली आई. गोळ्या थुंकणारी, दाराशी उभं राहून मला माझ्या घरी सोडा म्हणून रडणारी. मधलीला ती टेलरबाई म्हणायची. मधली माप घ्यायला लागली की कौतुकाने सांगायची, माझी एक मुलगीसुद्धा छान शिवते हो. तोंडात टाचण्या धरून मधली म्हणायची, हो का. त्याच्या आधीची आई कुठे गेली ते तिला कळेना. तिने जुने फोटो काढून पाहिले. फोटोतली बाई हसरी होती, पण तिच्याशी मधलीची ओळख निघेना.

रविवारी दुपारी दुकानावरच्या खोलीत सगळे जमले. जेवणं झाली. थोरल्याने पहिला नंबर लावला. परीक्षेत नापास झाला म्हणून आईने त्याला शिक्षा म्हणून खिडकीत बसवलं, त्याने एकच खुर्ची दोन जणांना विकली आणि आईने स्वतःचं स्टूल उचलून दुसऱ्याला नेऊन दिलं, ती गोष्ट त्याने रंगवून सांगितली. त्याची मुलगी लोटपोट झाली. मधलीही हसली, शेजारच्या घरातला किस्सा ऐकून हसावं तशी.

मग धाकटी उठली आणि कपाटातून जाकीट काढून आणलं. तिला ते घालून आठवण सांगायची होती. हात कोपरापर्यंत गेला आणि अडकला.

"ताई, हे जरा मोकळं करून दे ना."

मशीनचा पट्टा तुटलाय, असं मधली चक्क खोटं बोलली. धाकटी म्हणाली की मग हाताने उसव, तुझ्या शिवणीत कापड असतंच की. आणि तिने स्वतःच जाकीट उलटं केलं. आत बोट फिरवत ती कुशीपाशी थांबली. तिथे घडी नव्हती, कापलेली कड होती.

"किती कापलंस?"

"बोटभर. दोन्ही बाजूंनी."

"तुकडे कुठायत?"

"चिंध्यांत गेले."

थोरला खिडकीतून खालची मोटार पाहत बसला, जसा काही तो ती विकतच घेणार होता. मधलीला भांडण झालं असतं तर बरं वाटलं असतं.

"तिला रुतत होतं," ती म्हणाली. "पण कापलं म्हणजे मीच मानलं ना, की आता ही अंग धरायची नाही. त्याच आठवड्यात तुम्हाला फोनवर सांगत होते, बरी आहे म्हणून."

धाकटीने जाकीट सुलटं केलं आणि मांडीवर नीट घडी घालून ठेवलं. भाचीला काय करावं सुचेना, म्हणून ती बिचारी हळूच म्हणाली, "आत्या, तुझी आठवण राहिली."

"फोन ठेव बाळा," मधली म्हणाली. "माझ्याकडे नाहीये. मला टेलरबाई म्हणणारी तेवढी उरलीय. तुमच्याकडे आहे ती सांगा मला."

धाकटी सरकून तिच्याजवळ बसली. तिने सांगितलं, आई घरी आली की जेवताना सिनेमा सांगायची, अर्ध्यापासून. "आणि आधीचा अर्धा तू रचायचीस, ताई. हिरो का लंगडतो, ती बाई का रडते, सगळं मनचंच. आई एवढी हसायची की हातातलं पाणी सांडायचं. म्हणायची, खऱ्यापेक्षा हिचाच बरा."

मधली कान देऊन ऐकत होती. तिला ताटं आठवली. सांडलेलं पाणी पुसायचं हिरवं फडकंही आठवलं. हसणारी आई मात्र दिसेना.

"मी होते तिथे?"

"तूच तर होतीस."

मधलीने मान हलवली. डोळे वाहत होते, ते तिने पुसले नाहीत. धाकटी तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "त्यातला एक सिनेमा मला अजून पाठ आहे. शेवट तर असा होता—"

"शेवट नको," मधली म्हणाली. "शेवट मला माहीत आहे. आधीचं सांग."