ताटाची पाळी

पहिल्याच दिवशी मी मेसमधलं माझं ताट स्वतः धुतलं. चूक एवढीच.

आश्रमशाळेत दहा वर्षं तेच केलेलं. जेवलं की नळावर रांग लावायची, ताट घासायचं, अधीक्षकांना दाखवायचं, मग वर्गात. नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजात उष्टी ताटं कोपऱ्यातल्या निळ्या टबात टाकतात, ती मेसवाले धुतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी आपला बेसिनवर गेलो, ताट घासलं, शर्टाला पुसलं आणि आता हे दाखवायचं कोणाला म्हणून हॉलभर बघत उभा राहिलो.

खिडकीजवळ थर्ड इयरची पोरं बसली होती. त्यांच्यातल्या एकाला सगळे दादा म्हणायचे. त्यानं बोटानं बोलावलं, ताट उलटसुलट करून पाहिलं. कुठला म्हणून विचारलं. मी म्हणालो, पेठ तालुक्यातला.

"म्हणजे कोट्यातला. छान धुतोस. हेही घे."

मला वाटलं, कौतुक. वर मी म्हणालो, "थँक्यू सर." टेबल हसलं. म्हणून मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी दोन ताटं. आठवड्यानं चार. दसऱ्यापर्यंत नऊ. ओरडणं नाही, शिवी नाही. माझ्या पुढ्यात ताटं यायची, एकावर एक, आणि टेबल उठून जायचं. गेटवर रॅगिंगविरोधी बोर्ड होता. ॲडमिशनच्या वेळी तसल्या कागदावर मी सहीपण केली होती. पण रॅगिंग म्हणजे मारहाण, असा माझा अभ्यास. मला तर कोणी बोटही लावलं नव्हतं.

एकदाच चाचरत विचारलं, आज राहू दे का. दादानं मोबाइलमधून मान वर काढली नाही.

"सीट आयती मिळते, मग ताट धुवायला काय होतं? रेक्टर सरांना सांगू का, तुझी खाट रिकामी करायला?"

होस्टेलची खाट गेली की शिक्षण गेलं. गावाहून रोज येणं-जाणं होणार नव्हतं आणि नाशकात ओळखीचं एक दार नव्हतं. मी ताटं उचलली.

त्या खाटेच्या उशाशी भिंतीवर रेघा होत्या. खिळ्यानं ओढलेल्या, पाच-पाचच्या जुड्या. माझ्याआधी, गेल्या वर्षी, तिथं सुरगाण्याचा एक मुलगा राहायचा. रूममेटला विचारलं, तर म्हणाला, तोही फर्स्ट इयरचाच. दिवाळीला गेला तो आलाच नाही. एवढं बोलून त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. मी रेघा मोजल्या. पंच्याऐंशी. मग माझे दिवस मोजायला लागलो. सर फळ्यावर गणित सोडवायचे आणि मी आपला रोज एकच वजाबाकी करत बसायचो. पंच्याऐंशीतले किती राहिले. पहिल्या चाचणीत गणितात नापास झालो. वजाबाकी तेवढी पक्की झाली.

ऐंशीव्या दिवशी बाबा आले. दिंडोरीकडं द्राक्षाच्या छाटणीला टोळीबरोबर उतरले होते, एक दिवस मोकळा मिळाला. खिशात छाटणीची कात्री, पिशवीत नागलीच्या भाकरी. मी बेसिनवर, पुढ्यात ताटांची चवड. विचारत विचारत ते थेट तिथंच आले.

"आज तुझी पाळी हाय का?"

मी हो म्हणालो. खोटं बोलायचे कष्टही पडले नाहीत, उत्तर त्यांनीच आणून दिलं होतं.

"मग मी लावतो हात."

बाह्या सारल्या आणि लागले घासायला. तळव्यांवर कात्रीचे फोड. तेवढ्यात दादा आला. मला वाटलं, आता तरी मागं फिरेल. त्यानं बाबांकडं नीट पाहिलं. आणि ताट त्यांच्या हातात दिलं.

"काका, कडा नीट घासा. तेल राहतं."

बाबा म्हणाले, "हो साहेब."

तो 'हो साहेब' माझ्या ओळखीचा होता. माझ्या 'थँक्यू सर'चाच बाप.

मी त्यांच्या हातातून ताट काढून घेतलं. उष्टंच. दादा परत टेबलाशी पोचला होता. ते त्याच्यापुढं नेऊन ठेवलं. उरलेली आमटी सांडली तीही माझ्याच पायावर.

"तुझं ताट," मी म्हणालो.

तो चिडला नाही. हळू आवाजात म्हणाला, "त्या सुरगाण्यावाल्यानं पण एकदा असंच आणून ठेवलं होतं."

खोलीवर बाबा खाटेवर बसले. मी सगळं सांगितलं, पहिल्या ताटापासून. रेघाही दाखवल्या. मग त्यांची कात्री मागून घेतली आणि पंच्याऐंशीच्या पुढं टोकानं एक रेघ ओढली. माझी.

उद्या मी त्याच खिडकीशी जेवणार. माझं ताट निळ्या टबात जाईल. दुसऱ्याचं माझ्या हातात येणार नाही. खाट काढायची तर लेखी काढा; त्याआधी माझा अर्ज रेक्टर सरांकडं पोचलेला असेल, नऊ ताटांची नऊ नावं घालून. सुरगाण्याच्या मुलाचा पत्ता शोधणार आहे. तोही सांगेल. भीती गेलेली नाही. ती असू दे. तिच्यासकट जाईन.

बाबांनी कात्री खिशात घातली. दारापर्यंत गेले आणि वळले.

"ऐंशी दिवस एकट्याचीच पाळी? अन् मी गावात सांगत फिरतो, पोरगं लय हुशार हाय."