काट्यावर न येणारी घसाई

आमच्या धंद्यात काम किलोवर जातं. खिडकीची जाळी असो, फाटक असो, जिन्याचा कठडा असो. तयार माल काट्यावर चढवायचा आणि ठरलेल्या दराने पैसे घ्यायचे. लोखंड, वेल्डिंग, मजुरी, वीज, सगळं त्या एका दरात. साध्या कामाला ही पद्धत ठीक आहे. ज्याच्या हाताखाली मी बरीच वर्षं काढली, त्याचं दुकान ह्याच पद्धतीने खाल्लं.

त्याला सगळे पॉलिशशेठ म्हणायचे. शेठ हा टोमणा होता. पत्र्याची शेड, एक वेल्डिंग मशीन, दोन ग्राइंडर, पाइप वाकवायचं यंत्र आणि दाराशी एक स्टूल, एवढी त्याची पेढी. स्टुलावर तो बसलेला मी कधी पाहिला नाही.

पॉलिश मात्र खरं होतं. वेल्डिंग केलं की जोडावर लोखंडाचा उंचवटा राहतो. बाकीचे तो वरवर उडवतात आणि रंग फासून मोकळे होतात. हा घासत बसायचा. डोळे मिटून हात फिरवायचा, कुठे लागलं की पुन्हा ग्राइंडर.

मी एकदा म्हणालो, "दादा, लोक हा कठडा धरून जिना चढणार आहेत. त्याला गाल लावून नाही."

"लहान पोर लावेल," तो म्हणाला आणि मशीन सुरू केलं.

आता ह्यातला तोटा बघा. घासलेल्या लोखंडाची भुकटी होऊन ती जमिनीवर पडते. काटा ती धरत नाही. म्हणजे काम जितकं चांगलं, तितका माल हलका. वेळ गेला, वीज गेली, ग्राइंडरच्या चकत्या झिजल्या, आणि पैसे उलट कमी. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण त्याला वाटायचं, मेहनत माझीच आहे, तिला कुठे पैसे पडतात? माझा पगार तो दरात धरायचा. स्वतःचा कधी धरला नाही. दुकान टाकणाऱ्यांनी हे आधी ऐकावं. मालक हातात ग्राइंडर घेतो तेव्हा तो कामगार असतो. त्याची मजुरी दर सांगतानाच धरावी लागते. उरलं तर घेऊ म्हणणाऱ्याला काही उरत नाही.

त्याची बायको, आमच्या वहिनी, शेडच्या मागच्या खोलीत शिवणकाम करायच्या. एक दिवस त्या शेडमध्ये आल्या, झिजलेल्या चकत्यांची बादली उचलली आणि त्याच्या पायाशी ओतली.

"ह्या कुणी आणल्या?"

"मी आणल्या. का गं?"

"पैसे कुणी दिले, ते विचारतेय."

त्याने पायाने चकत्या बाजूला सारल्या.

"मी दिले. काज-बटणं करून. गिऱ्हाइकांचे जिने मी गुळगुळीत करतेय, आणि मला कुणी चहासुद्धा विचारत नाही."

"अगं, काम बघूनच पुढची कामं येतात."

"येतात ना. तीही किलोवरच येतात."

मला हसू फुटलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मी मुकाट्याने पान्यांची पेटी आवरायला घेतली.

तेवढ्यात एका ठेकेदाराकडून मोठं काम आलं. तीन मजली घर, गोल जिना, सगळा कठडा वळणाचा. वळणाला जोड जास्त, म्हणजे घसाई जास्त. लोखंडवाल्याची जुनी बाकी होतीच. त्याने बजावलं होतं, पुढच्या मालाचे पैसे थकले तर वेल्डिंग मशीन उचलून नेईन. म्हणजे दुकान राहणार की जाणार, हे ह्या एका जिन्यावर होतं.

वहिनींनी पॉलिशशेठकडून वदवून घेतलं. घसाईचा दर वेगळा, फुटावर. आणि विसार हातात पडल्याशिवाय लोखंड घ्यायचं नाही.

तो धुतलेला शर्ट घालून ठेकेदाराकडे गेला. परत आला तो टेम्पोत पाइप भरूनच. उधार, स्वतःच्या नावावर.

"दर?" वहिनींनी विचारलं.

"नेहमीचाच. तो म्हणाला, पॉलिशशेठ, तुम्ही-आम्ही काय वेगळे आहोत? मग तोंडातून शब्दच फुटेना."

"आणि विसार?"

"काम झालं की एकदम देतो म्हणाला."

वहिनी आत गेल्या. पाठोपाठ शिलाई मशीनचा आवाज सुरू झाला.

मी म्हणालो, "दादा, आता निदान हा जिना जेमतेम घास."

"हो," म्हणाला. पहिल्या वळणापर्यंत शब्द पाळला.

काम वेळेपेक्षा लांबलं. शेवटी कठडा काट्यावर चढवला, वजनाची पावती झाली, आणि आम्ही तो बसवायला गेलो. घरमालक वर आला, कठड्यावरून हात फिरवला आणि खूश झाला.

"घसाईचे वेगळे पैसे मोजताना जिवावर आलं होतं," तो म्हणाला, "पण वसूल झाले."

पॉलिशशेठ गुडघ्यावर बसून बोल्ट आवळत होता. पाना थांबला. "वेगळे?"

"फुटावर लावले की. ठेकेदार म्हणाला, कारागीर खास आहे, त्याची घसाई वेगळी पडते."

खाली ठेकेदार उभा होता. त्याच्यासमोर जाऊन पॉलिशशेठने एकदाचं विचारलं, "घसाईचे पैसे…?"

ठेकेदार जराही ओशाळला नाही. "तुम्ही मागितले कधी? मागितले असते तर दिले असते. आता वजन झालं, पावती झाली."

ह्यात खोटं काहीच नव्हतं. पॉलिशशेठ पुन्हा वर गेला आणि उरलेले बोल्ट आवळू लागला.

किलोचे पैसे आले, पण रखडत आले. त्याआधीच लोखंडवाल्याचा हातगाडा दाराशी लागला आणि वेल्डिंग मशीन गेलं. मग शेड सोडली. आम्ही दोघेही त्याच ठेकेदाराच्या कारखान्यात रोजंदारीवर लागलो. रोज संध्याकाळी मजुरी हातावर पडायची. मालक असताना त्याने घरात कधी इतकं दिलं नव्हतं. वहिनींना पैसे मिळाल्याचं बरं वाटलं असेल. तसं त्या बोलल्या मात्र नाहीत.

सुटीचा भोंगा वाजला की त्यापुढच्या कामाला पैसे नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बाकीचे हात धुऊन निघायचे. हा घासत राहायचा. ठेकेदार काचेच्या केबिनमधून बघायचा आणि अडवायचा नाही. का अडवेल?

एके संध्याकाळी मी जाऊन मेन स्विच पाडला. ग्राइंडर घरघरत थांबला.

"दादा, भोंगा होऊन गेला."

"ऐकला मी."

"आता ह्याचे पैसे नाहीत. उद्या कर, उद्या मिळतील."

"माहीत आहे रे. चालू कर."

मी जागचा हललो नाही. तो कमरेवर हात देत उठला, माझ्या बाजूने गेला आणि त्याने स्वतःच स्विच वर केला.